माझं गाळलेलं पान

मित्रांनो, प्रत्येक वाचनालयात एखादं पुस्तक असं असतं, की ते कुणीही हातात घेतलं तरी आपोआप एकाच पानाशी उघडतं. आमच्या वाचनालयातलं ते पुस्तक म्हणजे मी. माझं नाव ‘नऊ नंबरची खोली’. मी एक कादंबरी आहे, वयाने जुनी आहे, आणि माझ्याविषयी दोन वाचकांचं एकमत झालेलं मी अजून पाहिलेलं नाही.

माझा जन्म एका छापखान्यात झाला. सुरुवातीला मी मोठाले कागद होते. एकेका कागदावर पुष्कळ पानं, काही सुलटी, काही उलटी. शेवटच्या पानाशेजारी मधलंच कुठलं तरी पान. तेव्हा माझी गोष्ट मलाच कळत नव्हती. मग कागदांना घड्या पडल्या, दोऱ्याने शिलाई झाली, कण्याला सरस लागला आणि कापायच्या यंत्राने माझ्या तिन्ही कडा सफाईने कापल्या. तेव्हा कुठे माझी गोष्ट ओळीने लागली.

गोष्ट साधीच आहे. वसतिगृहाच्या नऊ नंबरच्या खोलीत तिघी मैत्रिणी राहतात. एकमेकींचे कपडे घालतात, एका ताटात जेवतात. पुढे काही तरी बिनसतं. एक जण काही न सांगता निघून जाते आणि तिघींची तोंडं तीन दिशांना होतात. पुष्कळ वर्षांनी ते वसतिगृह पाडायला काढतात, तेव्हा शेवटचं बघून घ्यावं म्हणून तिघी तिथे येतात. न सांगता गेलेली मैत्रीण दारात उभी राहते. आतल्या दोघींतली एक पुढे होऊन तिला मिठी मारते आणि म्हणते, ‘मधली वर्षं पुसून टाकू.’ मी उघडते ते याच पानाशी.

लोकांना मी फार आवडले. दुकानाच्या काचेआड माझ्या प्रतींचा मनोराच रचला होता. आमच्या ग्रंथपालबाईंनी मला विकत आणलं, प्लॅस्टिकचं कव्हर घातलं, पोटात शिक्का मारला आणि कण्यावर नंबराची पट्टी डकवली. पुढची काही वर्षं मला फळीवर टेकायची सवड मिळाली नाही. एकाच्या पिशवीतून निघाले की दुसऱ्याच्या पिशवीत.

आणि मतं तरी किती! एका बस ड्रायव्हरच्या बायकोने मला रडत रडत वाचलं. मग ड्रायव्हरने शेवटच्या थांब्यावर मला उघडलं. कुणी पाहिलं की तो म्हणायचा, ‘‘बायकोचं आहे, परत करायला चाललोय.’’ असा तो मला महिनाभर परत करायला नेत होता. कॉलेजातल्या एका मुलीचं म्हणणं पडलं, ‘‘तिघींतल्या एकीलाही फोन करता येत नव्हता?’’ निवृत्त हेडसरांनी तर माझ्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका शोधून काढल्या आणि ग्रंथपालबाईंना सांगितलं, ‘‘या कादंबरीतले सगळे पुरुष एक तर वारलेत, नाही तर परगावी आहेत. लेखिकेची सोय झाली.’’ मला हसू आलं, कारण ते खरं होतं.

याच सुमारास दोन बायका माझ्या आयुष्यात आल्या. पहिल्या डोळ्यांच्या दवाखान्यातल्या सिस्टर. उंच, सडसडीत, चालतानाही कुणाला तरी रागावायला निघाल्यासारख्या. त्यांनी मला बसमध्ये उभ्या उभ्या वाचलं. त्या दाराच्या पानाशी आल्या, ते पान त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं, पर्समधून पेन्सिल काढली आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं, ‘खोटं’. मग मला खाडकन मिटलं.

दुसऱ्या बेकरीवाल्या मावशी. ठेंगण्या, गोल, हाताला कायम पीठ. दुपारी भट्टी निवली की त्या पिठाच्या पोत्याला टेकून मला वाचायच्या. अजूनही माझ्या शिलाईच्या फटीत थोडं पीठ आहे. त्यांनी समासातलं ‘खोटं’ वाचलं, बराच वेळ पाहत राहिल्या आणि खाली लिहिलं, ‘असेना का’. पुढच्या आठवड्यात हेडसरांनी मला दुसऱ्यांदा नेलं आणि दोन्हींच्या खाली लाल शाईने लिहिलं, ‘पुस्तकात लिहू नये’.

माझ्यावरून अशी भांडणं होताहेत हे पाहून ग्रंथपालबाईंनी एका रविवारी सकाळी चर्चा ठेवली. वर्तमानपत्रं वाचायच्या खोलीत खुर्च्या मांडल्या आणि मला मधल्या टेबलावर उभं केलं. मावशी घरून बिस्किटांचा मोठा डबा घेऊन पहिल्या रांगेत येऊन बसल्या. हेडसर माझ्या चुकांवर सविस्तर बोलले. कॉलेजातली मुलगी फोनचं बोलली. मग मावशी उठल्या. डब्याचं झाकण त्यांच्या हातातच होतं.

‘‘सर, मला व्याकरणातलं काही कळत नाही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण ते दाराचं पान आहे ना, ते वाचलं की मला बरं वाटतं. आपणच कुठल्या तरी दारात उभं आहोत आणि आतून कुणी तरी ये म्हणतंय, असं वाटतं. एवढंच.’’

‘‘आणि आत जी आहे तिचं काय?’’

आवाज मागून आला. सगळ्यांनी वळून पाहिलं. सिस्टर ड्यूटी संपवून गणवेशातच आल्या होत्या आणि वर्तमानपत्रं अडकवायच्या लाकडी घोडीपाशी उभ्या होत्या. मावशी तेवढ्या वळल्या नाहीत. मी टेबलावर होते, म्हणून मला त्यांचा चेहरा दिसला. तो आवाज त्यांनी ओळखला होता.

‘‘बाहेरची दारात आली, आतलीने मिठी मारली, झालं!’’ सिस्टर म्हणाल्या. ‘‘मधली वर्षं पुसून टाकू म्हणे. फळ्यावरचं गणित आहे का पुसायला? मधल्या वर्षांत माणसं गेली.’’

‘‘कोण गेलं?’’ हेडसरांनी विचारलं.

‘‘आई गेली. शेवटी शेवटी ती सारखी एकच विचारत होती, बुटकी आली का गं? आणि लेक सांगत होती, येतेय आई, वाटेत आहे. मरणाऱ्या माणसाशी खोटं बोलावं लागलं तिला, मैत्रिणीपायी. हे पुसायचं कसं, ते लिहिलंय का कुठे?’’

हेडसरांनी मला उचललं आणि भराभर पानं उलटायला लागले. ‘‘आई? कुठल्या प्रकरणात? आणि बुटकी नावाचं पात्र मला तरी आठवत नाही...’’

‘‘सर, राहू द्या,’’ ग्रंथपालबाई हळूच म्हणाल्या आणि त्यांनी मला सरांच्या हातातून काढून घेतलं.

मावशींनी झाकण टेबलावर ठेवलं. ‘‘हे मला माहीत नव्हतं,’’ त्या म्हणाल्या. कुणाकडे पाहून म्हणाल्या ते सांगता येत नाही, कारण मान खालीच होती. मग त्या सिस्टरांच्या शेजारून निघून गेल्या. डबा तिथेच राहिला. हेडसरांनी एका बिस्किटाकडे हात नेला आणि मागे घेतला.

मित्रांनो, पुढे मी या दोघींजवळ आठवडाभर राहिले, म्हणून मला सगळी हकिगत कळली. तरुणपणी या दोघी एका लाँड्रीच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायच्या. एक नर्सिंग शिकत होती, दुसरी केकच्या दुकानात कामाला होती. एक ‘काठी’, एक ‘बुटकी’. काठीची आई आजारी पडली तेव्हा तिला उपचारांसाठी त्याच खोलीत आणलं. काठी दवाखान्यात असायची, तेव्हा बुटकीच आईचं सगळं करायची. तिला भरवायची, तिची वेणी घालायची, तिला नकला करून हसवायची. आईला तिचा फार लळा लागला. आणि आईचं फार खालावलं तेव्हा बुटकी ‘दोन दिवस भावाकडे जाऊन येते’ म्हणून गेली आणि आलीच नाही. आली ती सगळं आटोपल्यावर. काठीने दार उघडलं नाही. पुढे दोघी त्याच गावात, थोड्याशा अंतरावर राहिल्या. पण एक समोरून आली की दुसरी रस्ता ओलांडायची.

त्या रविवारनंतर दोघींनीही वाचनालयात येणं सोडलं. माझेही दिवस फिरले. नव्या कादंबऱ्या आल्या. ‘ते सगळे रडतात ते पुस्तक ना? नको’ असं म्हणून लोक मला फळीवर परत ठेवू लागले. कव्हर पिवळं पडलं. वरच्या कडेवर धुळीचा थर बसला. कौतुकाची सवय लागलेल्याला फळीवर बसून राहणं किती जड जातं, ते मला तेव्हा कळलं. महिन्यांमागून महिने माझं एकही पान उलटलं नाही.

मग एके सकाळी मावशी आल्या. जिना धरून धरून चढल्या. डाव्या डोळ्यासमोर पडदा आल्यासारखं झालं होतं आणि डॉक्टरांनी ताबडतोब ऑपरेशन सांगितलं होतं.

‘‘अहो, मग पुस्तक कशाला नेताय?’’ ग्रंथपालबाईंनी विचारलं. ‘‘वाचायला बंदी असणार ना?’’

‘‘वाचायला नाही नेत. जवळ असावं म्हणून नेते,’’ मावशी म्हणाल्या आणि मला टॉवेलात गुंडाळून पिशवीत घातलं.

डोळ्याच्या आतल्या पडद्याचं, म्हणजे रेटिनाचं, ऑपरेशन झालं की काही रुग्णांना आठवडाभर पालथं पडून राहायला सांगतात. डोळ्यात वायू भरलेला असतो, तो पडद्याला आतून दाबून धरतो. मावशी तशाच पडून होत्या, कपाळ गोल उशीवर, तोंड जमिनीकडे. मी उशीखाली. मावशींना भेटायला बेकरीतले लोक यायचे, पण त्यांना दिसायच्या त्या सगळ्यांच्या चपला.

दुसऱ्या दिवशी दोन पांढरे बूट कॉटपाशी येऊन थांबले. बराच वेळ हलले नाहीत.

‘‘डोळ्याला पट्टी आणि उशाशी पुस्तक?’’ वरून आवाज आला.

मावशींनी उशीत तोंड खुपसूनच उत्तर दिलं. ‘‘तू इथेच असतेस हे मला माहीत नव्हतं असं म्हणणार नाही. माहीत होतं. पण डोळ्यांचा दवाखाना हा एकच आहे.’’

सिस्टरांनी मला उशीखालून ओढून काढलं, मावशींची मान वळवून डोळ्यात औषध घातलं, तक्त्यावर काही लिहिलं आणि मला घेऊन निघून गेल्या. मला वाटलं, आता कचऱ्याच्या डब्यात आपली रवानगी. पण संध्याकाळी ड्यूटी संपल्यावर त्या परत आल्या, स्टूल ओढलं, मला मांडीवर घेतलं आणि औषधाची नावं वाचावीत तशा आवाजात वाचायला सुरुवात केली. ‘‘प्रकरण पहिलं.’’

मावशींच्या नाकाच्या शेंड्यावरून एक थेंब फरशीवर पडला.

‘‘रडायचं नाही,’’ सिस्टर म्हणाल्या. ‘‘टाके आहेत.’’

त्यानंतर सिस्टर रोज संध्याकाळी येऊ लागल्या. वाचता वाचता त्यांची टीकाही चालायची. ‘‘असा ताप येतो का कुणाला? या लेखिकेने थर्मामीटर पाहिला नसावा.’’ शेजारच्या कॉटवर मोतीबिंदू काढलेल्या एक आजी होत्या. त्या लगेच म्हणायच्या, ‘‘सिस्टर, तुम्ही वाचा हो, तुमचं मत नंतर सांगा.’’ पलीकडची एक शाळामास्तरीण म्हणायची, ‘‘तिघींतली ती मधली खरी आगाऊ.’’ आणि मावशी उशीतून तिची बाजू घ्यायच्या. अख्ख्या खोलीत माझ्यावरून वाद पेटायचे. इतक्या दिवसांनी मला पुन्हा जिवंत असल्यासारखं वाटलं.

आणि मग ते पान आलं. पानानेच दगा दिला. सिस्टर आधीचं प्रकरण वाचत होत्या, तेवढ्यात मी सवयीने पुढे उघडले. समोर ‘खोटं’, खाली ‘असेना का’. सिस्टर थांबल्या.

‘‘हे पान मी वाचणार नाही,’’ त्या म्हणाल्या.

‘‘नको वाचूस,’’ मावशी म्हणाल्या. ‘‘मला ते आता पूर्वीइतकं आवडत नाही.’’

‘‘का?’’

‘‘त्यात आई नाहीत.’’

सिस्टरांची बोटं माझ्या कडेवर घट्ट झाली. मावशी जमिनीकडे तोंड करूनच बोलत राहिल्या. कदाचित त्यामुळेच त्यांना बोलता आलं असेल.

‘‘त्या दिवशी सकाळी त्यांची वेणी घालत होते. केसांचा पुंजका हातात आला. त्यांना कळू नये म्हणून मी तो पदराआड लपवला. आणि मला वाटलं, आता मी इथे थांबले तर मला ते बघावं लागेल. भावाकडे गेले आणि बसून राहिले. रोज निघायची. रोज चप्पल घालून परत काढायची. त्या मला विचारत होत्या हे तू कधी सांगितलं नाहीस.’’

‘‘तू दारात आलीस तेव्हा सांगायला तोंड उघडलं असतं तर मी तुला मारलं असतं.’’

‘‘मारायचं होतंस.’’

सिस्टरांनी मावशींच्या अंगावरची चादर सारखी केली. मग मावशी म्हणाल्या, ‘‘माफ कर असं म्हणणार नाही मी.’’

‘‘नकोच म्हणूस. मला अजून जमणार नाही.’’

‘‘बरं.’’

‘‘मान दुखतेय का?’’

‘‘दुखतेय.’’

सिस्टरांनी मला कॉटवर पालथं ठेवलं, मावशींच्या छातीखाली आणखी एक उशी सरकवली आणि मानेवरून दोन-तीनदा अंगठा दाबून फिरवला. मग स्टुलावर बसल्या, ते पान उलटलं आणि पुढच्या प्रकरणापासून वाचायला लागल्या.

‘‘अहो सिस्टर!’’ आजी ओरडल्या. ‘‘मधलं गाळलंत की! त्या भेटल्या की नाही?’’

‘‘भेटल्या, आजी.’’

‘‘मग पुढे?’’

‘‘पुढे काय,’’ सिस्टर म्हणाल्या, ‘‘बसल्यात.’’

माझं सगळ्यांत गाजलेलं पान त्या दिवशी गाळलं गेलं, आणि मला त्याचं मुळीच वाईट वाटलं नाही.

त्या आठवड्यात माझा कणा मात्र मोडला. पुन्हा पुन्हा पालथं ठेवल्याने शिलाई उसवली आणि मधली पानं लोंबायला लागली. सिस्टरांनी ड्रेसिंगच्या ट्रेमधली पांढरी चिकटपट्टी घेतली आणि जखम बांधावी तसा माझा कणा बांधला. ‘‘हिला आता महिनाभर आराम,’’ असं म्हणून त्यांनी मला वाचनालयात स्वतः आणून दिलं.

मावशींचा डोळा बराच सुधारला, पण बारीक अक्षर त्यांना आता वाचता येत नाही. सुट्टीच्या दिवशी दुपारी, भट्टी निवल्यावर, सिस्टर बेकरीत जाऊन त्यांना वाचनालयातली पुस्तकं वाचून दाखवतात. सगळं सुरळीत झालं असं समजू नका. एकदा मावशी हसत हसत म्हणाल्या, ‘‘किती मजेचे दिवस होते नाही ते!’’ आणि सिस्टर पुस्तक मिटून निघून गेल्या. कित्येक आठवडे फिरकल्या नाहीत. मग एका दुपारी आल्या, खूण ठेवलेल्या पानापासून वाचायला लागल्या. त्या दोघींनी मिठी मारल्याचं कुणी पाहिलेलं नाही. ग्रंथपालबाई हे सगळं हेडसरांना सांगत होत्या, तेव्हा मी त्यांच्याच टेबलावर होते. हेडसर चष्मा पुसत म्हणाले, ‘‘ही कादंबरी जास्त चांगली आहे.’’ एवढी स्तुती त्यांनी माझी कधी केली नव्हती, आणि ही स्तुतीही माझी नव्हतीच.

गेल्या महिन्यात जुनी पुस्तकं काढून टाकायची ठरली. ग्रंथपालबाईंनी मला उचललं, कण्यावरच्या पांढऱ्या चिकटपट्टीवरून बोट फिरवलं आणि परत फळीवर ठेवलं. पण दर वेळी असं होईलच असं नाही.

म्हणून मित्रांनो, तुमच्याजवळ एवढंच मागते. मला चांगलं म्हणाच असा माझा आग्रह नाही. माझ्यात दोष आहेत, ते मला माहीत आहेत. मला नावं ठेवा, हसा, माझ्याशी भांडा. पण भांडायच्या आधी मला वाचा, आणि वाचून झाल्यावर जे वाटलं ते कुणा तरी माणसाजवळ बोला. तुम्हाला जे पुस्तक खोटं वाटलं, तेच शेजारच्याला का आवडलं, हे त्याला एकदा विचारा. उत्तर माझ्यात नसेलही, त्याच्याजवळ असेल. आणि मला पालथं ठेवू नका. आमचे कणे नाजूक असतात.

काल तुमच्याच वयाची एक मुलगी मला घेऊन खिडकीशी बसली. पहिलं पान वाचलं. तिच्या कपाळाला आठी पडली. ‘‘कसलं बोअर आहे,’’ ती पुटपुटली, आणि बोटाला थुंकी लावून तिने पान उलटलं.